पाहणाऱ्याची सही

काटेबाईंना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्यांच्या दाराची बेल अकरा वेळा वाजली होती. हा आकडा अंदाजाचा नाही. औषधांच्या कारखान्यात एकतीस वर्षं वजनखोलीत बसलेल्या बाईला अंदाजाने काही सांगताच येत नाही. अकरांपैकी सहा वेळा बेल वाजवणाऱ्याला दुसऱ्याच कुणाचं तरी घर हवं होतं, तीन वेळा गॅसवाला आला होता, एकदा पाण्याचं मीटर बघणारा. अकराव्या वेळी दारात खालच्या मजल्यावरची बाई उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि जिन्यात भेटली तर हसायची, एवढीच ओळख.

दुकानात तिची पाळी बदलली होती. आता दुपारी दोन ते संध्याकाळी सहा. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला. मुलं शाळेतून तीनला सुटणार. पाळणाघरात सध्या जागा नव्हती. एक तारखेला दोन जागा रिकाम्या होणार होत्या आणि हवं की नको ते त्यांना पुढच्याच्या पुढच्या शनिवारपर्यंत कळवायचं होतं. तोवर दोन आठवडे मुलं काकूंकडे बसली तर चालेल का, असं तिने विचारलं. दोघंही शहाणी आहेत, असंही सांगितलं. मुलांना कुणाकडे ठेवून जाताना प्रत्येक आई हे सांगतेच.

"आणि त्यांना तुमच्याकडे आवडलं तर पाळणाघराचा प्रश्नच मिटला," ती जाता जाता म्हणाली. "मी त्यांनाच विचारणार आहे. त्यांना कुठे बरं वाटतं ते त्यांनीच सांगावं."

ती हे सहज बोलली. काटेबाईंनी मात्र ते परीक्षेच्या तारखेसारखं ऐकलं. दार लावून त्या बराच वेळ पॅसेजमध्येच उभ्या राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी टेबलाजवळच्या दुसऱ्या खुर्चीवरचे पेपर उचलले. ती खुर्ची रिकामी केली तेव्हा लक्षात आलं की बसणारे तिघं होणार. मोरीतलं स्टूल घासून पुसून उन्हात ठेवलं.

मुलगा आठ वर्षांचा. दिसेल ते खायचा म्हणून आई त्याला टोळ म्हणायची. मुलगी सहाची, कमी बोलणारी, जमिनीकडे बघत चालणारी; तिचं नाव मुंगी. घरात एक टोळ नि एक मुंगी, माणूस म्हणावं तर मी एकटीच, असं आई म्हणायची. पहिल्या दिवशी तिने मुलांना सांगितलं, या आजी. काटेबाईंना ते ऐकून गंमत वाटली आणि जरा धडकीही भरली. त्या कुणाची बायको झाल्या नव्हत्या, आई झाल्या नव्हत्या. भाऊबहीण नसल्यामुळे आत्या-मावशीही नाही. मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून एकदम आजी.

पहिला आठवडा जेमतेम पार पडला. मुलांशी काय बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं. त्या तीन वाजता दार उघडायच्या, हात धुवा म्हणायच्या, दूध, केळं आणि बिस्किटं समोर ठेवायच्या, आणि मग तिघंही एकमेकांकडे बघत बसायची. शुक्रवारी टोळाने सांगून टाकलं की पाळणाघरात घसरगुंडी आहे. शिवाय टीव्ही. त्यांच्या वर्गातला एकजण तिथे जातो आणि तिथून घरी जायचंच नाही म्हणतो. मुंगी बिस्किटाचा सांडलेला चुरा बोटाने एका रेषेत लावत राहिली.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी टोळ दप्तरातून एक छापील पान घेऊन आला. घरातल्या वस्तूंपासून साधा तराजू तयार करा. दहा वस्तू मोजा. आधी अंदाज लिहा, मग वजन. पानाच्या तळाशी 'घरातील मोठ्यांची सही' आणि एक रेघ. पान आणि तराजू शुक्रवारी शाळेत न्यायचे.

काटेबाईंनी ते पान दोनदा वाचलं. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? पण गंमत अशी की त्यांच्या घरात काटा नव्हता, अगदी स्वयंपाकघरातलासुद्धा.

कपाटातला एक लाकडी हँगर निघाला, खाली आडवी दांडी असलेला. दोन खुर्च्या पाठीला पाठ करून ठेवल्या, त्यांच्यावर झाडूचा दांडा आडवा टाकला आणि त्याला दोऱ्याच्या फासाने हँगर टांगला. कागदी पेल्यांना भोकं पाडायचं काम मुंगीकडे. एकेका पेल्याला तीन, सारख्या अंतरावर. टोळाने दोरे कापले. पहिल्यांदा त्याने ते डोळ्यांनीच मापून कापले. काटेबाईंनी पट्टी लावली आणि सहाच्या सहा दोरे बाजूला ठेवले.

"एवढंसं तर कमी आहे," टोळ म्हणाला.

"एवढंसंच मोजायला काटा लागतो. जास्तीचं डोळ्यांनाही दिसतं," त्या म्हणाल्या.

टोळाला हे पटलं नसावं, पण त्याने पुन्हा कापले. हँगरच्या आकड्यापासून एक दोरा खाली सोडून त्याच्या टोकाला सुई बांधली आणि आडव्या दांडीच्या बरोबर मध्यावर शाईची खूण केली. दोरा त्या खुणेवर आला की दोन्ही बाजू सारख्या. पेले लावले तर हँगर डावीकडे कलला. टोळ म्हणाला, झालं, बिघडला. काटेबाई म्हणाल्या, बिघडला नाही, अजून कामाला लागायचाय. मातीचा वाटाण्याएवढा गोळा त्यांनी उजव्या पेल्याच्या बुडाला खालून चिकटवला, नखाने थोडा कोरून काढला, पुन्हा लावला. दोरा खुणेवर येऊन थांबला. याला पासंग म्हणतात, त्यांनी सांगितलं. रिकामा काटा सरळ उभा राहावा म्हणून हलक्या बाजूला दिलेली भर. मुंगीला तो शब्द फार आवडला. ती दोन दिवस दिसेल त्याला पासंग म्हणत होती, टोळालाही. तू कुणाच्या पासंगालाही पुरायची नाहीस, असं टोळाने कुठूनतरी ऐकलेलं वाक्य तिला परत केलं.

वजनं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून पंचवीस वॉशर आणले होते. सगळे एकाच खोक्यातले. दुकानदार मूठभर घालत होता, तेव्हा काटेबाईंनी एकेक उचलून बघायला सुरुवात केली. बाई, नळाला लावायचेत की गळ्यात घालायचेत, असं त्याने विचारलंच.

मंगळवारी मोजायला सुरुवात झाली आणि वजनखोली जणू तशीच्या तशी त्या घरात येऊन बसली. पंखा बंद. खिडकी बंद. काटा हलत असताना बोलायचं नाही, खुर्च्यांना टेकायचं नाही, श्वास पेल्यावर सोडायचा नाही. मुंगीने श्वास सोडूच नये असा अर्थ घेतला. तिचा चेहरा लाल झाला तेव्हा काटेबाईंना कळलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना स्वतःलाच तो आवाज ओळखू येईना. मग टोळही हसला, आणि दोरा कितीतरी वेळ डुलत राहिला.

पानावर त्यांनी पट्टीने आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं, 'पाहिले'. कारखान्यात असंच असतं, त्या म्हणाल्या. एकजण वजन करतो आणि आकडा लिहितो. दुसरा शेजारी बसून बघतो. त्याने डोळ्यांनी बघितलं तरच तो सही करतो, आणि त्याची सही नसेल तर ते वजन झालंच नाही असं धरतात. मग कितीही बरोबर असो.

"बघणाऱ्याला दुसरं काय काम असतं?" टोळाने विचारलं.

"बघायचं."

"नुसतं?"

"नुसतं बघणं सोपं वाटतं का तुला?"

बघणाऱ्याची जागा मुंगीला मिळाली. टोळ आकडा लिहायचा आणि मुंगी शेजारी 'मुं' काढायची. अनुस्वाराचं टिंब ती पेन्सिल उभी धरून इतकं बारीक द्यायची की दिसेल न दिसेल. खडू दोन वॉशर. कात्री सोळा. पेन्सिल एक, आणि थोडं वर. ते 'थोडं वर' कसं लिहायचं यावर अर्धा तास गेला. त्या तीन दिवसांत मुंगी जेवढं बोलली तेवढं ती कुणाशीच बोलत नाही, हे काटेबाईंना नंतर कळायचं होतं. दोरा खुणेच्या अलीकडे आहे, आजी. आता पलीकडे गेला. आता थांबला. आता खरंच थांबला. असं ती सांगत राहायची, आणि काटेबाई तिच्या मागे उभ्या राहून ऐकत राहायच्या.

त्यांच्या शेजारीही एकेकाळी अशी एक बघणारी होती. एकोणीस वर्षं एका टेबलावर दोघी. एक वजन करायची, दुसरी बघायची, दुपारनंतर अदलाबदल. डबा एकत्र, सुटीचा अर्ज एकत्र. एके दिवशी मैत्रिणीचा मुलगा तापाने फणफणलेला होता म्हणून तिने शेवटच्या चार बाटल्या काटेबाई जेवायला गेल्या असताना एकटीनेच मोजल्या आणि वही पुढे केली. फक्त सही कर, म्हणाली. काटेबाईंनी मी पाहिलं नाही असं सांगून वही परत सरकवली. त्या बाटल्या साहेबांसमोर पुन्हा मोजल्या गेल्या. चारही आकडे मिलिग्रॅमपर्यंत बरोबर निघाले. मैत्रिणीची बदली पॅकिंग विभागात झाली, आणि पुढची अकरा वर्षं ती जेवणाच्या हॉलमध्ये दुसऱ्या टोकाच्या टेबलावर बसली. काटेबाईंच्या निरोपाच्या दिवशीही ती आली नाही. आपण चुकलो असं काटेबाईंना कधी वाटलं नव्हतं. पण बरोबर असण्याची सोबत होत नाही, हे त्यांना गेल्या आठ महिन्यांत चांगलंच कळलं होतं.

गुरुवारी पाच वाजेपर्यंत सात वस्तू झाल्या होत्या. तीन उरल्या होत्या: खोडरबर, चमचा आणि कुलूप. खालच्या मोकळ्या जागेत मुलं चेंडू खेळायला जमली आणि त्यांनी टोळाला हाका मारायला सुरुवात केली. टोळाचा पाय जमिनीवर ठरेना. त्यातच काटेबाईंना दुधावर लक्ष ठेवायला स्वयंपाकघरात जावं लागलं. एक वॉशर घरंगळून पलंगाखाली गेला होता, तो मुंगी शोधत होती. त्या परत आल्या तेव्हा टोळ पान पुढे करून उभा होता. दहाच्या दहा ओळी भरलेल्या. शेवटच्या तिन्हींसमोर 'मुं'. त्या तीन अक्षरांवरची टिंबं मटाराएवढी होती.

"झालं सगळं," टोळ म्हणाला. "सही करा ना आजी. मी खाली जाऊ?"

मुंगी पलंगाखालून बाहेर आली. केसांना जळमट लागलेलं, हातात वॉशर. तिने पान बघितलं.

"ते तीन नाही केले," ती म्हणाली.

"गप गं. केले."

काटेबाईंनी पान हातात घेतलं. परवा शनिवार. घसरगुंडी आणि टीव्ही एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पंखा बंद केलेली एक खोली. टोळ त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्या क्षणी तो त्यांना फार आवडला. त्याचे मातीने भरलेले गुडघे, त्याची घाई, सगळंच. खालून पुन्हा हाक आली.

"आमच्या आजी सगळ्यात भारी आहेत," टोळ म्हणाला. पोराला वेळ साधता येत होती.

त्यांनी सही केली. पूर्ण नावाची, वळणदार, कारखान्यात करायच्या तशी. टोळ उड्या मारत जिना उतरला. मुंगी तिथेच उभी होती. तिने हातातला वॉशर खोक्यात टाकला आणि खोक्याचं झाकण लावलं. काटेबाई तिला म्हणाल्या की अगं, होतं असं कधी कधी, उरलेले आपण उद्या करू. मुंगीने मान हलवली. हो म्हणायला की नाही म्हणायला, ते कळलं नाही.

शुक्रवारी शाळेतून पानावर लाल तारा आला. सगळ्यांचे तराजू बाईंनी परत पाठवले होते, कारण वर्गात ठेवायला जागा नव्हती. टोळ तारा नाचवत आला, दोन केळी खाल्ली आणि खिडकीत जाऊन मित्रांना तिथूनच पान दाखवू लागला. काटेबाईंना हलकं वाटत होतं. सगळं ठीक झालं, त्या स्वतःला म्हणाल्या. एका पोराच्या पानाने कुणाचं औषध बिघडत नाही.

मुंगी टेबलाशी बसून चित्रं काढत होती. मग तिने वहीचं पान पुढे सरकवलं. तिनेही रकाने आखले होते, वाकडे, पण पट्टीने. पहिल्या रकान्यात चित्रं, दुसऱ्यात आकडे. चंद्र नऊ वॉशर. हत्ती सात. आई चाळीस. दादा दोन. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीत 'मुं', आणि तळाशी एक रेघ.

काटेबाई हसल्या. दादा फारच हलका निघाला, असं काहीतरी म्हणाल्या. हत्तीपेक्षा चंद्र जड कसा, असंही विचारलं.

मुंगी हसली नाही. तिने पेन पुढे केलं. "सही करा."

"अगं, याला कशी सही करणार? आपण हे मोजलं कुठे?"

"तुम्ही न बघता करता ना," मुंगी म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. रागही नव्हता. कारखान्यात असंच असतं, हे जसं तिने मंगळवारी ऐकून घेतलं होतं, तसंच गुरुवारी जे बघितलं तेही तिने ठेवून घेतलं होतं. आजी न बघता सही करतात. एवढंच. काटेबाईंनी घड्याळाकडे बघितलं. साडेचार. उद्या सकाळी आई मुलांना विचारणार. आज गप्प बसलं, मुंगीच्या पानावर हसत हसत एक सही ठोकली, तर मुलं सोमवारी तीनला येतील. मंगळवारीही येतील. आणि मुंगी शेजारी बसेल, आणि पुन्हा कधी दोरा थांबला म्हणून सांगणार नाही. सांगितलं तरी ते सांगणं कशाचंच नसेल.

त्यांनी टोळाला हाक मारली आणि पान मागितलं.

"काल मी चूक केली," त्या दोघांना म्हणाल्या. "तीन वस्तू मोजलेल्या मी बघितल्या नव्हत्या. तरी सही केली. ती खोटी सही होती."

टोळ म्हणाला, मग काय झालं, तारा तर मिळाला. काटेबाईंनी पेन घेतलं आणि शेवटच्या तीन ओळींवर एकेक सरळ रेघ मारली. खोडायचं तेही असं की खालचं वाचता आलं पाहिजे, हा कारखान्यातला नियम. शेजारी लिहिलं, 'वजन केले नाही'. तारीख घातली, सही केली. हात चालला तो सवयीने. हे लहान मुलाचं पान आहे आणि त्यावर लाल तारा आहे, हे त्यांना रेघा मारून झाल्यावर दिसलं.

टोळाचं तोंड आधी उघडं राहिलं, मग ओठ थरथरले. तो आरडाओरडा करेल असं त्यांना वाटलं होतं. तो ओरडला नाही. त्याने पान काढून घेतलं, रेघांवरून बोट फिरवलं आणि हुंदके देत म्हणाला, "बाईंनी दिला होता मला. बाईंनी." काटेबाई घाईघाईने म्हणाल्या की आपण तिन्ही आत्ता मोजू, मी नव्याने लिहून देते, बाईंना चिठ्ठीही देते. तो दाराजवळ जाऊन बुटांसकट उंबऱ्यावर बसला आणि आई येईपर्यंत तिथून उठला नाही.

तिन्ही वस्तू मुंगीने आणि त्यांनीच मोजल्या. खोडरबर तीन, टोळाने चार लिहिलं होतं. चमचा अकरा, टोळानेही अकराच लिहिलं होतं, बरोबर. कुलपासाठी पंचवीसच्या पंचवीस वॉशर घातले तरी काटा जागचा हलला नाही. मुंगीने विचारलं, मग काय लिहायचं? मोजता आलं नाही असं लिहायचं, त्यांनी सांगितलं. तिने ते पुन्हा म्हणून बघितलं. उंबऱ्यावरून टोळाचे हुंदके येत होते, आणि कितीही खिडक्या बंद केल्या तरी त्या दिवशी दोरा नीट थांबला नाही.

सव्वासहाला आई आली. टोळाने पान तिच्या हातात दिलं. तिने पायऱ्यांवर उभ्यानेच ते वाचलं, दोनदा. दुपारभर लोकांना वाचायच्या अक्षरांचे तक्ते दाखवून तिचेच डोळे लाल झालेले होते.

"काकू, तिसरीतल्या पोराचं पान आहे हो हे," ती म्हणाली.

"हो," काटेबाई म्हणाल्या. आणखी बरंच सांगायचं होतं. मैत्रीण, चार बाटल्या, मुंगीचं पान. पण ते कुठून सुरू करावं कळेना, आणि टोळ आईच्या कमरेला तोंड लावून उभा होता.

शनिवारी आई एकटीच वर आली. तिने केकचा एक डबा आणला होता. ती वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तुमचे फार उपकार झाले, म्हणाली. पाळणाघरवाल्यांना हो कळवलं आहे. टोळ नाहीच म्हणतो, आणि दोघांना दोन ठिकाणी ठेवणं मला जमायचं नाही.

"मुंगीला विचारलं?" काटेबाईंनी विचारलं.

"विचारलं ना. ती कुठे काय बोलते? ती कधी काहीच बोलत नाही."

इथे बोलायची, असं काटेबाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी डबा घेतला आणि डबा परत कधी देऊ एवढंच विचारलं. घाई नाही, आई म्हणाली.

सोमवारी पावणेतीनला त्यांनी सवयीने दूध तापायला ठेवलं. तीनला गॅस बंद केला. तराजू अजून दोन खुर्च्यांच्या मध्ये टांगलेला होता. त्यांनी बुधवारी तो काढला, कारण खुर्ची लागत होती; खरं तर एकटीला दुसरी खुर्ची कशाला लागणार, पण तसं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्यानंतरचे दिवस एकसारखे गेले. बेल एकदा वाजली. गॅसवाला.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी त्या जिना चढत होत्या, तर पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर मुंगी बसलेली. टोळ किल्ली आणायला वरच्या शेजाऱ्यांकडे गेला होता. काटेबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि दोन पायऱ्या सोडून त्याही बसल्या. गुडघे कुरकुरले. पाळणाघर कसं आहे, त्यांनी विचारलं. घसरगुंडी आहे, मुंगीने सांगितलं. दादाला आवडतं का? दादाला आवडतं. दादाला तिकडे पाच मित्र आहेत.

"आणि तुला?"

मुंगीने सांगितलं की तिथे पळायची शर्यत असते. परवा एक मुलगा पहिला आला. पण त्याचा पाय सुरुवातीला रेघेच्या पुढे होता, ते तिने बघितलं होतं. तिने ते तिथल्या ताईंना सांगितलं. मग शर्यत पुन्हा घेतली.

"मग?"

"मग तो रडला. आता मला पळायला घेत नाहीत. म्हणतात, तू रेघेवर उभी राहा आणि बघ. सगळ्यांचे पाय." ती आपल्या बुटांकडे बघत होती. "मी रोज बघते. मी बरोबर सांगते."

काटेबाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तू पळ, म्हणावंसं वाटलं. एखादा पाय पुढे असला तर असू दे, कुणी ना कुणी पहिला येणारच, तू आपली पळ. हे सगळं त्यांच्या जिभेपर्यंत आलं. पण मुंगी मान वर करून त्यांच्याकडे बघत होती, आणि आता त्या जे काही बोलतील ते ती तसंच्या तसं ठेवून घेईल, हे त्यांना ठाऊक होतं.

"कंटाळा येतो का गं उभं राहून?" त्यांनी विचारलं.

मुंगीने विचार केला. तिला बरोबर सांगायचं होतं.

"थोडा," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी जास्त आला होता."

वरच्या वळणावरून टोळ किल्ली वाजवत उतरला. काटेबाईंना बघून तो एक क्षण थबकला, मग बाजूने अंग चोरून गेला आणि दार उघडू लागला. मुंगी उठली, फ्रॉकची धूळ झटकली आणि त्याच्या मागे आत गेली. दार बंद झालं. काटेबाई तिथेच बसून राहिल्या. वर जायला अजून एकच मजला होता, पण तिथे वाट बघणारं कुणी नसल्यामुळे घाईही नव्हती.